मेंढ्या बसल्याच नव्हत्या

माझ्या घराचा पाया मेंढीच्या लेंड्यांनी भरलेला आहे. नव्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी फरशीकडे बघतो आणि मग हळूच पाय वर घेतो. पण खोटं नाही सांगत. बीडच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून मी जन्मभर लोकांचे अर्ज टाईप केले, त्यावर हे घर उभं राहिलं, पोरं शिकली, दोन्ही गुडघे नवे बसवले. आणि मला त्या लिंबाखाली नेऊन बसवलं ते एका उन्हाळ्यात आमच्या मेंढ्यांनी एका माणसाच्या रानात टाकलेल्या लेंड्यांनी. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या माणसाचेही आहेत, पण त्याचं गाव मी सांगणार नाही. पालीच्या अलीकडे कुठंतरी, एवढं पुरे. त्याची नातवंडं भली आहेत, दरवर्षी मला हुरड्याला बोलावतात. उगाच कशाला चालू असलेली सोय मोडा.

आम्ही मूळ शिरूर कासारकडचे, मेंढरांवाले. तिकडं उन्हाळा असा पडायचा की विहिरीत बादली सोडली तर ती स्वतःच तहानेनं व्याकूळ होऊन वर यायची. म्हणून होळी झाली की आबा मेंढरं घेऊन बिंदुसरेच्या धरणाकडं उतरायचे. आमचं सगळं घर एका घोडीवर मावायचं. तिचं नाव राणी. तिच्या पाठीवर गोधड्या, तवा, परात, पाय बांधलेल्या चार कोंबड्या, झोळीत आदल्या दिवशी जन्मलेली कोकरं, आणि या सगळ्याच्या वर, राजाच्या अंबारीत बसावं तसं, कुत्रीचं एखादं पिल्लू. राणी चालायला लागली की घरातली सगळी भांडी एकदम बोलायची. माझ्या लहानपणी मला वाटायचं, ज्यांची घरं एका जागी असतात त्यांची भांडी मुकी असणार, बिचारी. आबा दिवसाकाठी पाच शब्द बोलायचे, त्यातले तीन कुत्र्यांसाठी. पण त्यांनी जिभेखाली बोट धरून शीळ घातली की पलीकडच्या डोंगरावरची दुसऱ्याची मेंढरंसुद्धा मुकाट वळायची. माय मात्र बोलायची. आबांचे उरलेले सगळे शब्द तिनं स्वतःच्या नावावर करून घेतले होते.

दिवस कलला की रानात जो गोंधळ उठायचा, तसा कुठल्या लग्नात मी पुन्हा ऐकला नाही. दिवसभर वेगळी ठेवलेली कोकरं सोडली की शंभरावर आया आणि त्यांची तेवढी लेकरं एकाच वेळी एकमेकांना हाका मारायची. वाटायचं आता आभाळ फाटणार. आणि मग एकाएकी शांत. प्रत्येकाला आपली आई सापडलेली असायची, चुटूचुटू पिण्याचा आवाज तेवढा उरायचा. त्या शांततेत मायच्या भाकरीची थाप ऐकू यायची. मेंढीच्या दुधाचा चहा इतका दाट, की त्यात चमचा उभा राहायचा. आमच्याकडं चमचा नव्हता, म्हणून काडी उभी करून बघायचो. भाकरीबरोबर मायचा ठेचा. तो खाऊन एकदा एक पाहुणा जो धावत सुटला तो म्हणे थेट धरणात जाऊन थांबला. हुलग्याचं माडगं असलं की ती रात्र दिवाळी.

आमचा धंदा दुधाचा नव्हता, लोकरीचा थोडा, आणि खरा होता बसण्याचा. मेंढ्यांच्या बसण्याचा. शेतकऱ्यानं आपल्या मोकळ्या रानात कळप बसवून घ्यायचा, कळपानं रातभर लेंड्या आणि मूत टाकून जमीन पोसायची, आणि बिऱ्हाड हललं की त्यानं ठरलेलं धान्य द्यायचं. कळपाभोवती वाघूर लावायची, म्हणजे सुतळीच्या जाळ्याचं खुंट्या ठोकून केलेलं चौकोनी कुंपण. आज एका चौकात, उद्या शेजारच्या चौकात, मध्ये कुत्र्यांना फिरायला एक पट्टा सोडून. असं सगळं रान चौक पाडत पाडत भरून काढायचं. मी सातवीपर्यंत शिरूरला मावशीकडं राहून शिकले होते. शाळा सुटल्यावर वाघूर लावायचं काम माझ्याकडं आलं. चौक आबा आखून द्यायचे, आणि ते असे नीट पडायचे की तलाठ्यानं येऊन शिकावं.

त्या उन्हाळ्यात आम्ही बाजीतात्याच्या रानात उतरलो. तात्या म्हणजे मोठा बागाईतदार, पांढरंफेक धोतर, आणि बोलणं असं गोड की ऐकताना मुंग्या लागतील. पहिल्या दिवशीच ताकाची कळशी पाठवली. बांधावर बसून म्हणाला, “म्हादबा, रान तुमचंच समजा. चार पोती ज्वारी. ज्या दिवशी बिऱ्हाड हललं त्या दिवशी पेव उघडतो.” पेव म्हणजे धान्याचं जमिनीतलं भुयार. आबांनी मान हलवली. आमच्यात तेवढंच खरेदीखत.

एका संध्याकाळी मी वाघूर लावायला गेले तर नेमक्या खुंटीच्या जागी, उघड्या ढेकळांत, टिटवीची अंडी. वर टिटवी अशी ओरडत होती जशी मी तिचं सोनंनाणं लुटायला आले. मी जाळं जरा वळवून घेतलं. चौकाचा एक कोपरा आत दबला आणि सगळा चौकच तिरपा बसला. सकाळी आबांनी बघितला आणि त्या दिवसाचे सगळे शब्द माझ्यावर खर्च केले.

“तिरपी कावून लावली गं?”

“टिटवीची अंडी हायती तिथं.”

“टिटवी देणार हाय का आपल्याला ज्वारी?”

माय चुलीपासून ओरडली, “देईल की! तात्यापेक्षा लवकर देईल.” तिला त्या ताकाची चव पहिल्या दिवसापासूनच आवडली नव्हती.

पंधरवडाभर कळप बसला, रान काळंभोर झालं, बिऱ्हाड हलवायचा दिवस आला. तात्या म्हणाला, पेव उघडायला आज दिवस चांगला नाही. पुढच्या खेपेला म्हणाला, पेवात कोंडलेली हवा असते, आत्ता उघडलं तर माणूस गुदमरतो. मग पेरणी होऊ द्या. मग पोरीची सासरची माणसं आलीत. आबा पायी जायचे, ताक पिऊन परत यायचे. शेवटच्या खेपेला मीही संगं गेलते. तात्याच्या रानात बाजरी वर आली होती, चौकांत वीतभर, मधल्या पट्ट्यांत जेमतेम चार बोटं. तात्या ओसरीवर पान लावत होता, शेजारी गावातली चार माणसं.

“कसली ज्वारी बे, म्हाद्या?” तात्या म्हणाला. म्हादबाचा म्हाद्या झाला तेव्हाच मला कळलं. “तुझ्या मेंढ्या माझ्या रानात कवा बसल्या?”

“तात्या, असं काय करता. सगळ्या गावानं बघितलं.”

“कुणी बघितलं? तू बघितलं का रे? तू?” त्यानं चौघांकडं बोट फिरवलं. चौघांनीही एकदम तंबाखू मळायला घेतली.

आबा उठले. वाटेत एकदा फक्त थांबले, कारण डोळ्यात काहीतरी गेलं होतं. माळावर वारा नव्हता, पण मी विचारलं नाही.

चार पोती ज्वारी म्हणजे आमचे पावसाळ्याचे चार महिने. ती नाही तर गाभण मेंढ्या विकून खायच्या, आणि गाभण मेंढ्या विकल्या की पुढच्या साली कळप नाही. मग आमच्या पुढं एकच काम, शिरूरकडच्या निम्म्या घरांचं होतं तेच: मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घ्यायची आणि कोयता घेऊन ऊस तोडायला जायचं. मुकादम दारावरून दोनदा जाऊनही आला होता. दुसऱ्यांदा त्यानं राणीच्या तोंडात बोट घालून दात बघितले, म्हणजे तिलाही कोण घेणार ते त्यानं ठरवलं होतं.

माय म्हणाली, “कोर्टात जाऊ.”

आबा दचकले. “कोर्टात गेलो तर उद्या कोण रानात बसू देईल? सगळ्या मुलखात नाव होईल, मेंढरांवाला भांडतो म्हणून.”

“आणि न्हाई गेलो तर सगळ्या मुलखात नाव होईल, मेंढरांवाल्याला फुकट बसवता येतं म्हणून. चला.”

आधी आम्ही चौकीत गेलो. तिथल्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं आणि जो हसायला लागला तो मध्ये दोन वेळा पाणी प्यायला थांबला. “लेंड्यांची फिर्याद लिहू? मुद्देमाल कुठाय, जप्त करून आणू का?” पण माणूस वाईट नव्हता. हसून झाल्यावर त्यानंच सांगितलं, हे दिवाणी काम आहे, वकील गाठा, आणि आबांना बिडी दिली.

वकील म्हणजे इनामदार वकील. निजामाच्या काळातली त्यांची काळी शेरवानी हिरवट झाली होती आणि मिश्या अशा, की कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले की साक्षीदार आधी मिश्यांनाच खरं सांगून टाकायचा. त्यांच्या खोलीत आम्ही जमिनीवर बसायला गेलो तर म्हणाले, “खुर्चीवर बैठो. इथं येणारा प्रत्येक माणूस अडलेलाच असतो, अडलेल्यानं खाली कावून बसायचं?” आयुष्यात पहिल्यांदा आबा खुर्चीवर बसले. ते पडतील म्हणून मी मागून खुर्ची धरून उभी राहिले.

मग त्यांनी मला, आबांना नाही, मला समजावून सांगितलं, कारण मी वाचू शकत होते. ते बोलणं मी नंतर हजारो माणसांना जसंच्या तसं सांगितलं, मिश्यांसकट. “देख बेटी. माल घेऊन मोबदला न देणारे दोन जातीचे असतात. एक, ज्याच्या मनात पहिल्या दिवसापासून बुडवायचंच होतं. ती ठकबाजी, तो फौजदारी गुन्हा, पण ते मनातलं दाखवायला पुरावा लागतो. दुसरा, ज्याची नियत देताना फिरली. तो देणेकरी. त्याच्यावर दिवाणी दावा, तीन सालांच्या आत. तुझा तात्या पहिल्या जातीचा असंल, पण ताकाच्या कळशीवरून ते शाबित करायला मी अल्ला न्हाई. तर आधी रजिस्टर नोटीस देऊ. काय उत्तर येतं ते बघू. खोटा माणूस कागदावर जास्त बोलतो.”

आणि तसंच झालं. तात्यानं वकिलाकडून लांबलचक उत्तर पाठवलं. सदर मेंढ्या सदर रानात बसल्याच नव्हत्या. म्हादबास आपण ओळखत नाही. आणि रानात कुणाच्या मेंढ्या बसल्याच असतील तर त्या आपल्या साडूच्या होत्या. इनामदार वकील ते वाचून लाडू खाल्ल्यासारखे खूश झाले. “न्हाई बसल्या, आणि बसल्या तर साडूच्या! आता दावा टाकू. पण साक्षीदार कोण?”

“गावातलं कोण बोलणार न्हाई,” मी म्हणाले. “रानच तेवढं सांगेल. लेंड्या पडल्या तिथं बाजरी उंच होती, पट्ट्यांत बुटकी.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “मग कापणीच्या आत कोर्टानं ते रान बघायला पाहिजे. साक्षीदाराला चिमण्या खाऊन टाकतील. पण बेटी, साडू येऊन म्हणंल माझ्याच मेंढ्या. मला असं काही सांग, जे तिथं बसलेल्यालाच ठाऊक असंल.”

मी खूप विचार केला आणि टिटवीची अंडी सांगितली. आबांनी शरमेनं मान खाली घातली. घराची अब्रू पोरीनं वकिलापुढं काढली असं त्यांना वाटलं. वकीलसाहेबांनी मात्र ते शब्दाला शब्द दाव्यात लिहून घेतलं: विहिरीकडून तिसऱ्या ओळीत, बांधाला लागून एक चौक तिरपा आहे, त्याचा धरणाकडचा कोपरा आत दबलेला आहे.

पीक कापलं तर पुरावा जाईल, म्हणून कोर्टानं रान पाहायला कमिशनर नेमला, म्हणजे कोर्टाचे डोळे म्हणून पाठवलेला एक तरुण वकील. काळी छत्री, पायात चकचकीत बूट. तात्याला तारीख कळली आणि तिथं त्याची अक्कल चालली. जी चार पोती ज्वारी वाचवायची, तिच्या किमतीचा युरिया त्यानं आणला आणि पट्ट्यापट्ट्यांतून फेकायला लावला, सगळं रान एकसारखं हिरवं दिसावं म्हणून. फेकला तोही भल्या पहाटे, पानं दवानं ओली असताना. वर आठवडाभर पावसाचा थेंब नाही. युरियानं आपलं काम चोख केलं. पट्ट्यांतली बाजरी जळून हळदीसारखी पिवळी झाली.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मं गाव बांधावर जमलेलं. उंच बाजरीत समोरचं काही दिसत नव्हतं, सगळीकडं नुसती कणसं. तात्या छत्री धरलेल्या कमिशनरसाहेबांच्या मागं मागं. “बघा साहेब, सगळं रान सारखं. रोग पडलाय तेवढा इथं तिथं.”

कमिशनरसाहेब घामाघूम झाले होते. त्यांना रानाच्या मधोमध पाखरं राखायचं मचाण दिसलं. बूट काढले, छत्री माझ्याकडं दिली आणि शिडी चढून वर गेले. वर जाऊन एकदा हातातला दावा आणि एकदा खालचं रान बघत राहिले. आबा खाली मुठी आवळून उभे. माय ओठांत काहीतरी पुटपुटत होती, देवाचं नाव असेल किंवा तात्याचं.

“दाव्यातली ही खूण कुणी सांगितली होती?” वरून आवाज आला.

“मी,” मी म्हणाले.

“वर ये.”

मी वर चढले, आणि खाली बघितलं. आजही डोळे मिटले की ते रान तसंच दिसतं. चौकडीचं लुगडं वाळत घालावं तसं. हिरवेगार चौक, पिवळ्या रेघा, एकाला एक लागून, आबांच्या हातासारखे नीट. आणि विहिरीकडून तिसऱ्या ओळीत, बांधाला लागून, बाकी सगळे शहाणे उभे असताना एकटाच मान वाकडी करून बसलेला माझा चौक. कोपरा दबलेला, धरणाकडं.

कमिशनरसाहेबांनी कागद काढला, खाली वाकून विचारलं, “अहो तात्या, तुमचे साडूही तिरपी वाघूर लावतात का?”

बांधावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं गावच हसलं. तंबाखू मळणारे ते चौघे सगळ्यांत जोरात. एकजण तर म्हणाला, “तात्या, आता आठवलं बे, मेंढ्या बसल्या होत्या की!”

पुढच्या तारखेला तात्यानं तडजोड लिहून दिली. पेव उघडलं. चार पोती ज्वारी, दाव्याचा खर्च, आणि ती पोती खेपेखेपेनं राणीच्या पाठीवर चढवायला तात्याचे दोन गडी. वकीलसाहेबांनी फी म्हणून दोन गोष्टी घेतल्या, एक घोंगडी आणि एक मी. घोंगडी घरी नेली, मला त्या वकिलीच्या खोलीत कामाला ठेवलं. “ही पोरगी नेमकं सांगती. हिला टाईप शिकवतो,” म्हणाले. त्यांच्या बेगमनं मला पहिला शिरखुर्मा खाऊ घातला, त्यांच्या मशीनवर माझी बोटं सुजली, आणि पुढं त्यांच्याच जुन्या टेबलावर मी लिंबाखाली बसले. त्या माणसाचं नाव निघालं की आजही मी खुर्चीतून उठून उभी राहते, नव्या गुडघ्यांवर.

परवा माझा भाचा रडत आला. गिऱ्हाइकानं बोकड नेला, मोबाईलवर पैसे पाठवल्याचं चित्र दाखवलं, पैसे आलेच नाहीत. मी म्हणाले, खोटं चित्र दाखवलं ना, मग नियत पहिल्यापासूनच फिरलेली, हा पहिल्या जातीचा. आधी पोलिसात जा, ते चित्र आणि त्याचा नंबर जपून ठेव. चेक परत आला असता तर महिन्याच्या आत नोटीस दे म्हणाले असते. नुसता उधारीवर बसला असता तर दावा, नाहीतर लोकअदालत. तिथं मिटलं तर कोर्ट फीसुद्धा परत मिळते. “आत्या, तुला हे सगळं कुणी शिकवलं?” तो म्हणाला. मी म्हणाले, एका टिटवीनं. त्याला वाटलं म्हातारी चळली.

आबांची भीती खोटी ठरली. दाव्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्हाला रानं जास्त मिळाली, आणि सगळ्यांत आधी बोलावणं आलं ते तात्याचं. सगळ्या गावानं त्याच्या चौकांतली हिरवीगार बाजरी बघितली होती, मग तो तरी कसा बघणार नाही? त्यानं पोती आधी बांधावर आणून ठेवली, मग हाक मारली. मी सुट्टीला आले होते. संध्याकाळी आबा चौक आखायला निघाले, मी जाळं उचललं. शेवटच्या खुंटीशी ते थांबले. इकडंतिकडं बघितलं, माय ऐकत नाही ना ते बघितलं, आणि त्या दिवसाचे उरलेले शब्द मला देऊन टाकले.

“दिली की गं टिटवीनं ज्वारी. एक तिरपी लाव.”

आबा गेले त्याला कितीतरी वर्षं झाली. आमच्या भावकीतली पोरं अजून मेंढरं घेऊन धरणाकडं उतरतात. मी जाते त्यांच्या तळावर, दाट चहा प्यायला. प्रत्येक रानात एक चौक तिरपा असतो. यंदा मी एका पोराला विचारलं, ही अशी कावून लावली रे? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मला काहीच कळत नाही.

“एक तशीच लावायची असती, आत्या,” तो म्हणाला. “आपल्यात पहिल्यापासनं हाय.”